ब्लॉक नावाचा माणूस

मित्रमैत्रिणींनो, मॅगझिनच्या मराठी विभागात लिहायची माझी ही पहिलीच वेळ. केजीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. त्यामुळे या लेखात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या, आणि नाही सापडल्या तर आईने लेख तपासून दिला असे समजा.

फर्स्ट इयरच्या इंजिनिअरिंग फिजिक्समध्ये आपण सगळ्यांनी ब्लॉक थिअरम पाठ केलेला आहे. मी पण केला, पेपरात उतरवला, मार्क घेतले आणि विसरून गेले. खरं सांगायचं तर हा ब्लॉक म्हणजे ब्लॉक डायग्रामचाच कुणीतरी नातेवाईक असावा, इतकीच माझी समज होती. तो एक जिताजागता माणूस होता हे मला कळलं ते मागच्या दिवाळीनंतर, आमच्या आबांच्या मानेतल्या नसेमुळे.

आमचं गाव महागाव, जिल्हा यवतमाळ. नागपूर-तुळजापूर हायवेवर आर्णी सोडलं की उमरखेडच्या अलीकडे लागतं. दिवाळीनंतर आमच्याकडे कापसाची वेचणी जोरात असते. संध्याकाळी बाया आपापली गाठोडी घेऊन येतात, काट्यावर वजन होतं आणि आबा प्रत्येकीच्या नावापुढे किलो लिहितात. त्या दिवशी लिहिता लिहिता आबांच्या हातातला पेन खाली पडला. त्यांनी उचलायचा प्रयत्न केला, पण उजवा हात ऐकेना. काहीतरी बोलायला गेले तर शब्द नीट निघेनात. आजीने कांदा फोडून नाकाशी धरला. दहा-पंधरा मिनिटांत सगळं पहिल्यासारखं झालं आणि आबा पुन्हा वजनं लिहायला बसले. म्हणाले, साधी भोवळ होती.

दुसऱ्या दिवशी पुसदच्या डॉक्टरांनी मात्र ती साधी भोवळ नाही असं सांगितलं. मेंदूच्या डाव्या भागाचं रक्त काही मिनिटांसाठी कमी पडलं असणार. मानेतली नस तपासा, उशीर करू नका, नागपूरला जा. आम्ही गेलो. तिथे एक नवीनच अडचण निघाली. नसेचा फोटो काढायची नेहमीची पद्धत म्हणजे डाय टोचून सीटी अँजिओग्राफी. आबांना बरेच वर्षांपासून शुगर आहे, क्रिएटिनिन वाढलेलं. डायने किडनीला आणखी त्रास होण्याची भीती. म्हणून डॉक्टरांनी एमआर अँजिओग्राफी लिहून दिली, आणि तीही इंजेक्शन न देता.

मशीनच्या खोलीत जाण्याआधी आबांचा चांदीचा करदोडा काढायला सांगितला. लग्नापासून कमरेला असलेला करदोडा काहून काढायचा यावर पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी आजीने तो आपल्या पदराला बांधून ठेवला तेव्हा आबा आत गेले. बाहेर आले ते कानावर हात ठेवूनच. थ्रेशरच्या पोटात झोपवलं होतं म्हणाले. मग मला विचारलं, की सुई नाही टोचली, चिरलं नाही, कुणी हातसुद्धा नाही लावला, तर त्या डब्याला माझं रक्त दिसलं कसं? मी इलेक्ट्रॉनिक्सच्या थर्ड इयरला आहे हे आबा गावभर सांगतात. त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हतं.

थोड्या वेळाने फिल्म हातात आली. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या फांद्या, अगदी पानं झडलेल्या पऱ्हाटीसारख्या. आणि मानेच्या डाव्या बाजूला, जिथे नस दोन फाट्यांत विभागते तिथे, एक फांदी मध्येच गायब. खालचा तुकडा आहे, वरचा तुकडा आहे, मधली जागा काळी. काका म्हणाले, नस ब्लॉक झाली. आजी तिथेच खाली बसली.

रेडिओलॉजिस्ट मॅडम तासाभराने भेटल्या. त्यांनी आम्हाला शांतपणे समजावलं की हा फोटो नळीचा नाही, वाहण्याचा आहे. रक्त सरळ वाहत असेल तर ते चमकतं. अरुंद जागेत ते भोवऱ्यात सापडतं तेव्हा वाहत असूनही दिसेनासं होतं. म्हणून काळी जागा म्हणजे बंद नस असं लगेच समजायचं नाही, उद्या सकाळी डॉप्लर सोनोग्राफी करून खात्री करू. माझी ब्रँच कळल्यावर त्या सहज बोलून गेल्या, की या मशीनचं सगळं गणित ब्लॉक इक्वेशन्सपासून सुरू होतं. मी विचारलं, कुठला ब्लॉक? फेलिक्स ब्लॉक, त्या म्हणाल्या.

ती रात्र आम्ही नातेवाइकांकडे काढली. आबा घोरत होते. बाकी कुणालाच झोप नव्हती. मी मोबाइलवर फेलिक्स ब्लॉक वाचत बसले. पुढे कॉलेजला आल्यावर लायब्ररीतून आणखी वाचलं. ते सगळं आता तुम्हाला सांगते.

फेलिक्स ब्लॉक यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९०५ रोजी स्वित्झर्लंडमधल्या झुरिक शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील गुस्ताव धान्याचे ठोक व्यापारी होते. आईचं नाव अ‍ॅग्नेस. फेलिक्सची थोरली बहीण लहानपणीच वारली आणि ते दुःख त्याच्या मनात खोल राहिलं. पियानो आणि डोंगर या दोन गोष्टींचा नाद मात्र त्याला जो लागला तो जन्मभर टिकला.

१९२४ मध्ये तो झुरिकच्या फेडरल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत दाखल झाला. कशासाठी, तर इंजिनिअर होण्यासाठी! म्हणजे आपलाच माणूस. पण एक वर्ष इंजिनिअरिंग शिकल्यावर त्याला कळून चुकलं की आपलं मन इथे नाही, आपल्याला फिजिक्स करायचंय. त्याने त्याच कॉलेजात विभाग बदलला. फिजिक्स शिकून पोटापाण्याचं काय, हा प्रश्न तेव्हाही होताच. आपल्यातल्या किती जणांना सेकंड इयरमध्ये असं वाटतं आणि किती जण ते घरी बोलतात, हे ज्याचं त्याने स्वतःला विचारावं. मी स्वतः एम-थ्रीचा बॅकलॉग लागला तेव्हा रात्रभर हाच विचार करत होते आणि सकाळी घरी फोनवर सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं.

ब्लॉकने विभाग बदलला तो काळही विलक्षण होता. क्वांटम मेकॅनिक्स त्याच्या डोळ्यांसमोर जन्माला येत होतं. डिबाय हे त्याचे शिक्षक. झुरिकमध्ये एका चर्चेच्या वेळी श्रोडिंजर यांनी द ब्रॉग्लीची लहरींची कल्पना समजावून सांगितली. त्यावर डिबाय यांनी शेरा मारला, की लहरी म्हणता तर लहरींचं समीकरण पाहिजे. काही आठवड्यांनी श्रोडिंजर समीकरण घेऊनच हजर झाले. त्या खोलीत मागे ऐकत बसलेल्या पोरांमध्ये आपला ब्लॉक होता. तेव्हा तो होता फक्त वीस वर्षांचा, म्हणजे माझ्या वयाचा.

१९२७ मध्ये पदवी घेऊन तो जर्मनीत लाइपझिगला गेला आणि हायझेनबर्ग यांचा पहिला डॉक्टरेटचा विद्यार्थी झाला. गुरू स्वतः अजून तिशीच्या आतले. विषय मिळाला धातूतल्या इलेक्ट्रॉनचा. तांब्याच्या तारेत अणूंची एवढी दाटी, तरी इलेक्ट्रॉन इतका मोकळा फिरतो कसा? ब्लॉकने दाखवलं की अणू नेमाने, सारख्या अंतरावर मांडलेले असले तर इलेक्ट्रॉनची लहर त्यांच्यातून न अडखळता पार होते. ती अडखळते ती अणूंच्या थरथरीमुळे आणि मधल्या खोटींमुळे. रेझिस्टन्स तिथून येतो. १९२८ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी त्याने हे लिहिलं. आपण पाठ केलेला थिअरम तो हाच. एनर्जी बँड, सेमीकंडक्टर, डायोड, ट्रान्झिस्टर हे सगळं त्या पायावर उभं आहे. म्हणजे इंजिनिअरिंग सोडून गेलेल्या पोराने इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सिलॅबस पुरवला!

पुढची चार-पाच वर्षं तो पाउली, बोर, क्रॅमर्स, फर्मी अशा मोठमोठ्या लोकांकडे काम करत फिरला आणि लाइपझिगला शिकवूही लागला. पण १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ज्यू शिक्षकांना विद्यापीठांतून काढायला सुरुवात झाली. ब्लॉकने जर्मनी सोडली. १९३४ मध्ये तो अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पोहोचला. नवीन देश, नवीन भाषा, आणि मागे राहिलेला सगळा गोतावळा. १९३९ मध्ये तो अमेरिकेचा नागरिक झाला. १९४० मध्ये त्याने लोर मिश हिच्याशी लग्न केलं. ती स्वतः फिजिक्सची अभ्यासक आणि त्याच्यासारखीच जर्मनी सोडून आलेली. त्यांना तीन मुलगे आणि एक मुलगी झाली.

स्टॅनफर्डला त्याच्या डोक्यात एकच किडा शिरला होता. न्यूट्रॉनला चार्ज नसतो, तरी तो छोट्या चुंबकासारखा वागतो. हे चुंबक किती ताकदीचं? १९३९ मध्ये बर्कलेच्या सायक्लोट्रॉनवर लुई अल्वारेझ यांच्यासोबत त्याने ते मोजून काढलं. मग दुसरं महायुद्ध आलं. काही काळ तो लॉस अलामॉसला अणुबॉम्बच्या सुरुवातीच्या कामात होता. नंतर हार्वर्डच्या प्रयोगशाळेत शत्रूच्या रडारला चकवायचं काम करू लागला. इथे हा थिअरीचा माणूस पहिल्यांदा रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या सर्किटांमध्ये बुडाला. अँप्लिफायर, रिसीव्हर, नॉइजमधून सिग्नल वेगळा कसा काढायचा, हे सगळं त्याने युद्धात शिकून घेतलं. सोडून दिलेलं इंजिनिअरिंग वीस वर्षांनी दुसऱ्या दाराने परत आलं.

१९४५ मध्ये तो स्टॅनफर्डला परतला तेव्हा दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात एकत्र आल्या. सोबतीला विल्यम हॅन्सन आणि मार्टिन पॅकर्ड. हॅन्सन म्हणजे मायक्रोवेव्हमधला दादा माणूस. आपल्या सिलॅबसमधला क्लायस्ट्रॉन ज्या पोकळीच्या कल्पनेवर उभा आहे ती त्याची. तिघांची कल्पना सांगायला सोपी आहे. पाण्यात हायड्रोजन असतो. हायड्रोजनच्या अणूच्या मध्यभागी एक प्रोटॉन, म्हणजे स्वतःभोवती गरगरणारं एक सूक्ष्म चुंबक. आपण लहानपणी भोवरा फिरवायचो तेव्हा तो कलला की डोलत डोलत गोल फिरायचा, आठवतं ना? मोठ्या चुंबकात ठेवलेला प्रोटॉन तसाच डोलतो. किती वेगाने डोलायचं ते चुंबकाच्या ताकदीवर ठरतं. एक टेस्ला असेल तर सेकंदाला ४ कोटी २५ लाखांहून जास्त वेळा. त्याच तालावर बाहेरून रेडिओ लहर दिली की हे सगळे भोवरे एका लयीत कलतात आणि एकत्र डोलायला लागतात. आता शेजारी तारेची एक कॉइल ठेवा. तिच्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र गेलं की तिच्यात व्होल्टेज तयार होणारच. फॅरेडेचा १८३१ चा नियम! ब्लॉकने म्हणूनच याला न्यूक्लिअर इंडक्शन असं नाव दिलं.

ऐकायला सोपं, पण दहा लाख प्रोटॉनमागे कामाला येतात ते मूठभरच. आजच्या दीड टेस्लाच्या मशीनमध्येसुद्धा दहा लाखांत साधारण पाचांचाच हिशोब शिल्लक उरतो, बाकीचे एकमेकांना खोडून टाकतात. तो बारीकसा आवाज पकडायला रडारवाल्यांचेच कान पाहिजे होते. १९४६ मध्ये स्टॅनफर्डच्या मंडळींना पाण्यातून सिग्नल मिळाला. त्याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, हार्वर्डमध्ये, एडवर्ड पर्सेल आणि त्यांच्या साथीदारांनी मेणातून असाच सिग्नल मिळवला होता. दोन्ही गटांना एकमेकांच्या कामाचा पत्ता नव्हता. ब्लॉकने नंतर आपलं बोट कॉइलमध्ये घालून पाहिलं आणि बोटातूनही सिग्नल आला, असं सांगतात.

त्याच वर्षी ब्लॉकने या भोवऱ्यांची समीकरणं लिहिली. रेडिओ लहरीने कललेले भोवरे पुन्हा मूळ जागी यायला एक ठरावीक वेळ घेतात, त्याला टी-वन म्हणतात. आणि एकमेकांशी जुळलेला ताल बिघडायला दुसरा वेळ लागतो, तो टी-टू. साध्या पाण्यात टी-वन काही सेकंदांचा असतो, रक्तात सेकंदाहून थोडा जास्त. हा सेकंद लक्षात ठेवा, आबांची नस त्याच्यावरच दिसली.

हॅन्सन १९४९ मध्ये अकाली गेला. १९५२ मध्ये ब्लॉक आणि पर्सेल यांना फिजिक्सचं नोबेल मिळालं, स्टॅनफर्डचं ते पहिलं नोबेल. १९५४ मध्ये जिनिव्हाजवळ सर्न ही संस्था उभी राहत होती, तिचा पहिला डायरेक्टर जनरल म्हणून ब्लॉकला बोलावलं. एवढी मोठी खुर्ची! पण फायली आणि मीटिंगा यात त्याचा जीव रमेना. वर्षभरात राजीनामा देऊन तो आपल्या विद्यार्थ्यांकडे आणि प्रयोगशाळेकडे परत गेला. पुन्हा एक वर्ष! या माणसाला नको असलेल्या जागी एका वर्षावर थांबताच येत नसे असं दिसतं. १९७१ मध्ये तो निवृत्त झाला आणि १० सप्टेंबर १९८३ रोजी झुरिकमध्येच वारला.

आता मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग. ब्लॉकच्या बरणीतलं पाणी एका जागी उभं होतं. पाणी वाहायला लागलं तर काय होईल? हा प्रश्न विचारून प्रयोग करणारा एक माणूस आपल्या देशातला होता. १९५१ मध्ये बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जी. सूर्यन यांनी कॉइलमधून जाणाऱ्या नळीत द्रव वाहता ठेवला. उभ्या द्रवाचा सिग्नल थकून बारीक झालेला होता. द्रव वाहू लागताच सिग्नल वाढला. त्यांनी ते इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात छापलं. ब्लॉकच्या शोधाला तेव्हा फक्त पाच वर्षं झाली होती. आणखी एक नाव, एस. एस. धर्मट्टी. ते स्टॅनफर्डला ब्लॉकच्या प्रयोगशाळेत होते. तिथे अर्नोल्ड आणि पॅकर्ड यांच्याबरोबर १९५१ मध्ये त्यांनी दाखवलं की अल्कोहोलमधले हायड्रोजन तीन वेगवेगळ्या सुरांत बोलतात. आज केमिस्ट्रीवाले जे एनएमआर वापरतात त्याची ही सुरुवात. पुढे धर्मट्टींनी मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये एनएमआरचं काम उभं केलं. कुलाब्याला समुद्राकाठी ती संस्था आहे, आणि आपण मुंबईला गेलो की फक्त गेटवे बघून परत येतो.

वाहत्या द्रवाचा सिग्नल का वाढतो, ते मला माझ्या शाळेवरून समजलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एक सिस्टर होत्या. वर्गात कुणी मोठं माणूस आलं की आम्ही उभं राहून जोरात गुड मॉर्निंग म्हणायचं. इन्स्पेक्शनच्या दिवशी दर दोन मिनिटांनी कुणीतरी यायचं. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत आमचे आवाज बसायचे. तेवढ्यात उशिरा आलेली दोन पोरं दारातून आत शिरली की त्यांचा एकट्यांचा गुड मॉर्निंग खणखणीत वाजायचा. एमआर अँजिओग्राफी म्हणजे हेच. मशीन मानेच्या एका पातळ चकतीवर दर काही हजारांश सेकंदाला रेडिओ लहरी मारत राहतं. तिथल्या मांसातले, चरबीतले प्रोटॉन जागचे हलत नाहीत. त्यांना परत उभं राहायला सेकंदाच्या आसपास वेळ पाहिजे आणि तो मिळतच नाही. त्यांचा आवाज बसतो, ते काळे पडतात. पण हृदयाकडून येणारं रक्त ताजं असतं, त्याने अजून मार खाल्लेला नसतो. ते चकतीत शिरलं की खणखणीत बोलतं आणि फिल्मवर पांढरं उमटतं. मग डोक्याकडून खाली परतणारं शिरांमधलं रक्त पण चमकेल की? त्यासाठी चकतीच्या वरच्या बाजूला आधीच एक रेडिओ मार देऊन ते रक्त गप्प करतात. वर जाणारं तेवढं दिसतं, खाली येणारं नाही. किती साधी आणि हुशार युक्ती!

दुसरी पण एक पद्धत आहे. त्यात वाहणाऱ्या भोवऱ्यांचा ताल उभ्या भोवऱ्यांपेक्षा किती पुढे-मागे सरकला ते मोजतात. म्हणजे आपला फेज शिफ्ट. त्यावरून रक्ताचा वेग सेंटिमीटर प्रति सेकंदात सांगता येतो. आणि अरुंद जागेत रक्त भोवऱ्यात सापडलं की एकाच ठिपक्यातले प्रोटॉन वेगवेगळ्या तालात जातात, एकमेकांना खोडतात, आणि जागा काळी दिसते. मॅडमनी सांगितलेलं ते हेच.

हे सगळं एका दिवसात झालं नाही. १९५९ मध्ये जे. आर. सिंगर यांनी उंदराच्या शेपटीतल्या रक्ताचा प्रवाह एनएमआरने मोजला. १९७३ मध्ये पॉल लॉटरबर यांनी एनएमआरमधून पहिलं चित्र काढलं. लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना त्याबद्दल २००३ चं नोबेल मिळालं. रक्तवाहिन्यांची अशी चित्रं १९८० च्या दशकाच्या मध्यात निघू लागली. तोपर्यंत ब्लॉक गेलेला होता. कुणाच्या मानेतली नस पाहायची असा विचार करून त्याने काम केलंच नव्हतं. त्याला फक्त अणूच्या पोटातलं चुंबक मोजायचं होतं.

रात्री वाचताना मला एक गोष्ट टोचली. आबा प्रत्येक गोष्टीत एकच विचारतात, याचा उपयोग काय? कॉलेजात आम्ही पण तेच विचारतो. पेपरात येईल का, प्लेसमेंटला विचारतात का, नसेल तर सोडून द्या. १९४६ मध्ये ब्लॉकला कुणी उपयोग विचारला असता तर महागावच्या एका म्हाताऱ्याची नस, असं उत्तर त्याने कसं दिलं असतं? आणि तरीही त्या रात्री आमच्या सगळ्या घराचा जीव त्याच्याच समीकरणांवर टांगलेला होता.

सकाळी डॉप्लर झालं. मॅडमनी आम्हाला आत बोलावलं आणि स्क्रीनवर दाखवलं. नस अरुंद आहे, पण बंद नाही. काळ्या जागेतूनही रक्त वाहत होतं. स्पीकरवर त्याचा आवाज सुद्धा येत होता, मोटारीचं पाणी पाइपातून फुसफुसत यावं तसा. ऑपरेशन आत्ता नको, रक्त पातळ करायच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या रोज घ्या, शुगर आणि बीपी सांभाळा, तंबाखू आजपासून बंद, आणि ठरलेल्या तारखेला परत दाखवा. आजीने पदराची गाठ सोडून करदोडा आबांच्या हातात दिला.

मित्रांनो, मी इंजिनिअरिंग सोडणार नाही. ब्लॉकएवढी माझी हिंमत नाही, आणि आता सोडावंसंही वाटत नाही. पण एम-थ्रीच्या बॅकलॉगबद्दल मी त्या प्रवासात आईला सांगून टाकलं. आणि पुस्तकात एखाद्या थिअरमला कुणाचं नाव दिसलं की आता मी आधी तो माणूस शोधते आणि मग थिअरम वाचते. करून बघा, पाठ करावा लागत नाही.

परतीच्या वाटेवर आबांनी कालचा प्रश्न पुन्हा विचारला, आणि या वेळी माझ्याकडे उत्तर होतं. भोवरा सांगितला, गुड मॉर्निंगवाली पोरं सांगितली, ब्लॉक सांगितला. त्याचं नाव ऐकून ते आधी दचकले, पुन्हा काय ब्लॉक झालं म्हणून. तो धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा होता हे कळल्यावर मात्र खूश झाले. व्यापाऱ्याचं पोरगं वजनमापाला पक्कं असणारच, म्हणाले. आबांचे अडत्यांशी कापसाच्या काट्यावरून जन्मभर वाद झालेले आहेत, त्यामुळे त्यांच्याकडून ही फार मोठी तारीफ समजा. उपयोग काय, हे त्यांनी विचारलं नाही. ती फिल्म आता आमच्या घरी लोखंडी पेटीत सातबाऱ्याच्या कागदांखाली ठेवलेली आहे, आणि कुणी पाहुणा आला की आबा ती काढून खिडकीच्या उजेडात धरतात आणि काळ्या जागेवर बोट ठेवून सांगतात, की इथे दिसत नाही, पण वाहतंय.